पोलिसांविरुद्धची तक्रार आणि स्वतंत्र चौकशी

पोलीस हा कायद्याचा रक्षक आहे. परंतु रक्षकाकडूनच अन्याय झाला तर सामान्य माणसाने दाद कोठे मागावी? हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला व दहा जणांचे बळी गेले. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरीही संबंधित अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने दोषी ठरविण्यास २००९ साल उजाडले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारी कायमस्वरूपी स्वतंत्र यंत्रणा त्या वेळी राज्यात नव्हती.

बँकेत रोखपालाच्या हिशेबाची तपासणी रोखपाल स्वतः करीत नाही, दुसराच करतो. याचा अर्थ रोखपाल चोर आहे असा नव्हे. तपासणीमुळे प्रामाणिक रोखपालाचेही संरक्षणच होते. पोलीस खात्यालाही हेच तत्त्व लागू पडते. सहकाऱ्याची चौकशी सहकाऱ्याने केली तर निकाल खरा असला तरी लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यावर २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने दिलेल्या सात निर्देशांपैकी एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता. राज्य पातळीवर उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश त्याचे प्रमुख असावेत, असे ठरले. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य व विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. म्हणजे न्यायालयाने सांगितलेला जिल्हा आपल्याकडे विभाग झाला. खेड्यातल्या मजुराला तेवढे अंतर वाढले, ही उणीव ध्यानात ठेवली पाहिजे.

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार वा त्याचा प्रयत्न, बेकायदेशीर अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे या बाबींची तक्रार या प्राधिकरणाकडे करता येते. पीडित व्यक्ती किंवा तिचे कुटुंबीय तक्रार करू शकतात. मात्र प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, अहवाल देते. पुढील कारवाई शासनाने करावयाची असते. म्हणून अहवालानंतरही पाठपुरावा सोडू नये.

इतर मार्गही माहीत असावेत. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी कळवावे आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम ४ नुसार अनुसूचित जाती-जमातींचा नसलेला लोकसेवक कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करील, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. अटक झालेल्यास, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केलेच पाहिजे, ही घटनेच्या अनुच्छेद २२ ची हमी आहे.

तक्रार नेहमी लेखी द्यावी. तारीख, वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याचे नाव किंवा बिल्ला क्रमांक आणि साक्षीदार लिहावेत. प्रतीवर पोच घ्यावी. मारहाण झाली असल्यास विलंब न लावता सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. ऐकीव गोष्ट लिहू नये. एका खोट्या वाक्याने दहा खरी वाक्ये संशयास्पद होतात.

आपल्या विद्यार्थ्यांनी हे कायदे वाचावेत आणि वस्तीतील ज्या माणसाला अर्ज लिहिता येत नाही त्याला तो लिहून द्यावा. मोर्चा एका दिवसात संपतो, पण पोच घेतलेला कागद पुढे वर्षानुवर्षे साक्ष देतो. घटनेने दिलेले हक्क आपण वापरले तरच ते जिवंत राहतील.