उजेड मोजू या

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एलडीआर हा प्रकाशसंवेदक स्वस्तात मिळतो. उजेड वाढला की त्याचा रोध घटतो. पण आर्डुइनो उनोला रोध कळत नाही, व्होल्टेज कळते. म्हणून एलडीआरचे एक टोक ५ व्होल्टला, दुसरे ए-० ला जोडावे. ए-० ते ग्राउंड १० किलोओहमचा रोधक लावावा. मग ‘अ‍ॅनालॉगरीड’ ० ते १०२३ मधला आकडा देते, उजेडात मोठा.

पुस्तकातला आकडा जसाच्या तसा उचलू नये, असे आम्ही विद्यार्थी मित्रांना आवर्जून सांगतो. तिन्हीसांजेला अभ्यासिकेत स्वतः नोंद घ्यावी. समजा ३०० आला, तर त्याखाली एलईडी लावावा, ४०० वर विझवावा. एकच मर्यादा ठेवली तर तो लुकलुकत राहतो. त्याचाच उजेड संवेदकावर पडू देऊ नये, लागताच विझेल! २३० व्होल्टच्या दिव्याला मात्र जाणकाराशिवाय हात लावू नये.