ब्रॅकिओसॉरस : लांब मानेचा महाकाय डायनासोर

जिराफ बघताना आपली मान दुखते ना? मग त्याच्या दुप्पट उंचीचा प्राणी समोर आला तर? सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या अखेरीस असा प्राणी खरोखर होता. त्याचं नाव ब्रॅकिओसॉरस.

१९०० साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एल्मर रिग्ज यांच्या पथकाला त्याची हाडे सापडली. त्यातलं एक हाड दोन मीटर लांब! आधी वाटलं, ते मांडीचं असेल. नीट पाहिल्यावर कळलं, ते तर पुढच्या पायाचं, खांद्यापासून कोपरापर्यंतचं. याचे पुढचे पाय मागच्या पायांपेक्षा लांब होते. म्हणून १९०३ मध्ये रिग्ज यांनी त्याला हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'ब्रॅकिओन' म्हणजे बाहू आणि 'सॉरोस' म्हणजे सरडा.

हा प्राणी पूर्ण शाकाहारी. उंच झाडांचा पाला ओरबाडून तो न चावताच गिळायचा. मानेच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, म्हणून एवढी लांब मान त्याला पेलवत असे.

आता गंमत ऐका. जुन्या पुस्तकांतल्या चित्रांत हा प्राणी खोल पाण्यात उभा दिसतो, फक्त डोकं वर! एवढं वजन जमिनीवर पेलणार नाही, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटे. रिग्ज यांनी मात्र १९०४ मध्येच हाडांवरून लिहिलं होतं की हे प्राणी जमिनीवर चालणारे होते. पण बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

तुम्ही कधी विहिरीत गळाभर पाण्यात उभे राहिलात का? छातीवर दाब जाणवतो. मग छाती कित्येक मीटर खोल असेल तर? १९५१ मध्ये केरमॅक या शास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला : एवढ्या दाबाखाली फुप्फुसं फुगणारच नाहीत, प्राणी श्वास कसा घेणार? पुढे पायांची आणि छातीची ठेवणही जमिनीवरच्या प्राण्यासारखीच आहे, हे दाखवलं गेलं. आज ब्रॅकिओसॉरस जमिनीवरचाच प्राणी मानला जातो.

मुलांनो, पुस्तकात छापलेलं चित्रसुद्धा चुकू शकतं. म्हणून चित्र पाहिलं की एक प्रश्न नक्की विचारा : "हे कशावरून?"

विचार करा : हत्तीचे पाय खांबासारखे सरळ का असतात? ब्रॅकिओसॉरसचे पाय कसे असतील? वहीत चित्र काढा आणि कारण लिहा.