दंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष

वजन मोठ्या प्रमाणावर उतरल्यानंतर किंवा वयपरत्वे दंडाखाली लोंबू लागलेली कातडी व्यायामाने आवळत नाही, कारण व्यायामाने स्नायू भरतो, परंतु ताणून सैल झालेल्या त्वचेतील लवचीक तंतू पूर्ववत होत नाहीत. ही जादा कातडी व तिच्याखालची चरबी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस ब्रॅकिओप्लास्टी किंवा प्रचलित भाषेत आर्म लिफ्ट म्हणतात. ती करून घेतलेल्यांच्या अनुभवांत दंड बारीक झाल्याचे समाधान असते, तशीच व्रण एवढा लांब असेल याची कल्पना नव्हती ही खंतही असते. वास्तविक सैल कातडी देऊन व्रण पत्करण्याचाच हा सौदा आहे. पूर्ण शस्त्रक्रियेत काखेपासून कोपराजवळपर्यंत जाणारा हा व्रण दंडाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूस ठेवतात, त्यामुळे हात खाली असताना तो सहसा झाकला जातो, परंतु वेणी घालताना किंवा माळ्यावरचा डबा काढताना आखूड बाहीच्या ब्लाउजमधून दिसतो.

पहिल्या काही आठवड्यांतील सूज आणि काळेनिळेपणा पाहून दंडाच्या अंतिम आकाराचा अंदाज बांधता येत नाही. या काळात सुमारे 4 ते 6 आठवडे दाब देणारी घट्ट बाही घालावी लागते, आणि पाण्याची कळशी किंवा लहान मूल उचलणे डॉक्टरांनी मुभा देईपर्यंत टाळावे लागते. कातडीखाली द्रव साचून फुगवटा येणे, ज्याला सिरोमा म्हणतात, ही नेहमी आढळणारी गुंतागुंत असून तो द्रव सुईने काढावा लागतो, काही वेळा पुनःपुन्हा. कोपराखाली आतल्या बाजूस बधीरपणा किंवा मुंग्या जाणवतात, कारण तेथील संवेदना वाहणारी नस शस्त्रक्रियेच्या जागेतूनच जाते. बहुतेकांत ही तक्रार काही महिन्यांत ओसरते, क्वचित कायम राहते.

खरी निराशा पुढच्या टप्प्यात येते. टाके भरून आल्यावर व्रण फिका होत जाईल अशी अपेक्षा असते, पण त्यात कोलॅजेन हे प्रथिन जोमाने तयार होत असल्याने तो पहिल्या काही महिन्यांत उलट लाल, जाड आणि खाजरा होतो, आणि नेमक्या याच सुमारास भेटणारा प्रत्येक जण निकाल विचारत असतो. व्रण परिपक्व होण्यास 12 ते 18 महिने लागतात. सावळ्या त्वचेत तो उंचावण्याचा किंवा काळवंडण्याचा संभव अधिक असल्याने सिलिकॉनची पट्टी आणि उन्हापासून बचाव यांत हयगय करू नये. दोन्ही दंड तंतोतंत सारखे होतील, हीही अपेक्षा रास्त नव्हे, कारण ते मुळातच क्वचित सारखे असतात.

कोयनानगरसारख्या, वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी ऋतूचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यातील दमटपणात काखेतील जखम ओलसर राहते आणि धुतलेली दाबाची बाही दिवसभरात वाळत नाही, म्हणून दोन जोड हाताशी असावेत. शक्य तर शस्त्रक्रियाच दिवाळीनंतर ठेवणे शहाणपणाचे. जखम उकलली, पू आला किंवा ताप चढला तर पाटणमार्गे कराड गाठायला 50 किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते, हेही आधी ध्यानात घ्यावे. याहून महत्त्वाची बाब मिश्रीची. साताऱ्या-सांगलीकडील अनेक स्त्रिया तिला तंबाखूच समजत नाहीत आणि तंबाखू खाता का या प्रश्नाला निःशंकपणे नाही म्हणतात. परंतु मिश्रीतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे जखमेच्या कडांना रक्त कमी पोहोचून त्या उकलतात किंवा काळ्या पडतात. ती शस्त्रक्रियेच्या किमान महिनाभर आधी सोडून नंतरही दूर ठेवावी.

वजन निदान 6 महिने स्थिर राहिल्याखेरीज ही शस्त्रक्रिया करू नये, कारण पुन्हा वजन वाढून उतरले की कातडी पुन्हा सैल पडते. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, आणि तिच्यावर वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून दुरुस्तीच्या संभाव्य खर्चाची चौकशी आरंभीच करावी. काखेत व्रण आखडून हात वर करताना ओढ बसत असेल किंवा टोकाशी कातडीचा उंचवटा राहिला असेल, तर व्रण परिपक्व झाल्यावर छोट्या शस्त्रक्रियेने तो दोष सुधारता येतो, आणि मर्यादित भागापुरती ती बहुधा जागा बधीर करूनच होते.