माल जळाला, तरी हप्ता राहतो

ताईंनो, यंदा दिवाळीला पाथरीत गटाचा स्टॉल लावायचा विचार आहे ना? मग आधी हे वाचा.

२९ ऑक्टोबर २०१६. लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हा परिषद मैदानावरच्या फटाका बाजाराला आग लागली. दुकानं एकमेकांना खेटून होती. बघता बघता शंभरावर दुकानं खाक झाली. ऐन सणाचा माल गेला.

आपला स्टॉल फराळाचा. पण कापडी मंडप, गॅस, तेलाची कढई, लोंबत्या वायरी आपल्याकडेही असतातच. म्हणून एवढं करा:

१. दोन स्टॉलमध्ये जागा सोडा. मागून निघायला वाट ठेवा.
२. वाळूची बादली हाताशी ठेवा. कढई पेटली तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा, वर झाकण टाका.
३. आग वाढली तर माल सोडा, बाहेर पडा, १०१ ला फोन लावा.
४. मालाची यादी, बिलं आणि गटाचं रजिस्टर स्टॉलवर नको, घरी ठेवा. विम्याला तेच कागद लागतात.

माल जळाला म्हणून कर्ज आपोआप माफ होत नाही. हप्ता सगळ्यांनाच भरावा लागतो. पुढच्या बैठकीत विचारा: आपल्या मालाचा विमा काढलाय का?