अमली पदार्थ प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय कार्य आणि प्रकल्प अधिकारी

संयुक्त राष्ट्रसंघातील नोकरीविषयी आपल्या विद्यार्थ्यांना कुतूहल असते, पण नेमकी माहिती फार थोड्यांना असते. त्यातही अमली पदार्थ व गुन्हे प्रतिबंधाचे खाते म्हटले की धाडी, बंदूकधारी पोलीस आणि जप्त केलेल्या मालाचे ढीग एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या खात्याच्या प्रकल्प अधिकाऱ्याला कोणालाही अटक करण्याचा अधिकार नसतो. त्याच्या हाती असतो तो एक आराखडा, एक अंदाजपत्रक आणि ठरावीक मुदत. या साधनांनी तो काय करू शकतो आणि कोठे चुकू शकतो, हे प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यत्वे उत्तर थायलंडमधील अफूच्या उदाहरणावरून समजून घेणार आहोत. प्रश्न एकच आहे : बंदी आधी की पर्याय आधी?

१. संस्थेची ओळख

अफूच्या व्यापाराशी आपला संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि इंग्रज सरकार तिच्यावर कर घेत असे. या व्यापाराने चीनमध्ये जो अनर्थ केला, त्यातून १९०९ मध्ये शांघाय येथे आंतरराष्ट्रीय अफू आयोगाची बैठक झाली. अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाची सुरुवात तेथून झाली असे मानतात. पुढे १९६१, १९७१ आणि १९८८ असे तीन करार झाले. आजचे सारे नियंत्रण या तीन करारांवर उभे आहे. आपल्या देशाचा अमली पदार्थांविषयीचा मुख्य कायदा १९८५ सालचा आहे.

प्रत्यक्ष कामासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९७१ मध्ये एक निधी स्थापन केला. १९९१ पासून त्याची जागा एका स्वतंत्र कार्यक्रमाने घेतली. १९९७ मध्ये गुन्हे प्रतिबंधाचे काम त्याला जोडण्यात आले आणि २००२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाचे अमली पदार्थ व गुन्हे कार्यालय हे नाव रूढ झाले. मुख्यालय व्हिएन्ना येथे असून दक्षिण आशियाचे काम नवी दिल्लीतून चालते. या कार्यालयाच्या पैशाचा फार मोठा भाग सदस्य राष्ट्रांच्या ऐच्छिक देणग्यांतून येतो आणि बहुतेक देणगी विशिष्ट कामासाठीच दिलेली असते. म्हणून येथे जवळजवळ सर्व काम प्रकल्पाच्या रूपाने चालते, आणि म्हणूनच प्रकल्प अधिकाऱ्याला महत्त्व आहे.

२. डोंगरावरचा शेतकरी अफू का लावतो?

थायलंड, म्यानमार व लाओस यांच्या सीमा जेथे मिळतात, त्या भागाला सुवर्ण त्रिकोण असे म्हणतात. तेथील डोंगरांवर ह्मोंग, लाहू, लिसू, अखा, मिएन आदी जमाती राहतात. हे लोक लोभामुळे अफू लावत असत, असे समजणे चूक होईल. त्यांची कारणे अगदी व्यावहारिक होती.

पहिले कारण अन्नाचे. डोंगरउतारावरचा भात वर्षभर पुरत नसे. कमी पडणारा तांदूळ अफू देऊन घ्यावा लागे. दुसरे कारण वाहतुकीचे. अफू वजनाला हलकी, किमतीला भारी आणि महिनोन्‌महिने न सडणारी. कोबी किंवा टोमॅटो रस्त्यावाचून दोन दिवसांत कुजतो. अफू घ्यायला मात्र व्यापारी स्वतः दारात येतो. तिसरे कारण कर्जाचे. तोच व्यापारी पीक येण्यापूर्वी आगाऊ रक्कम देत असे. बँक डोंगरावर नव्हती आणि असती तरी जमिनीचा कागद नसलेल्या माणसाला तिने कर्ज दिले नसते. यांपैकी पुष्कळांना देशाचे नागरिकत्वही नव्हते. चौथे कारण औषधाचे. दवाखाना नसलेल्या गावात दुखण्यावर, खोकल्यावर आणि हगवणीवर अफू हेच औषध होते. त्यातूनच पुष्कळांना व्यसनही लागले.

म्हणजे अफू हे त्या घराचे धान्य, बाजार, बँक आणि दवाखाना असे सर्व काही होते. ती उपटली तर या चारही गोष्टी एका दिवसात नाहीशा होतात. विद्यार्थ्यांनी हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन यावर आधारलेले आहे.

३. थायलंडने धरलेला क्रम

थायलंडमध्ये अफूची विक्री व सेवन १९५९ मध्ये कायद्याने बंद झाले. तरीही १९६० च्या दशकाच्या मध्यास तेथील डोंगरांवर सुमारे १८,००० हेक्टरांवर अफू होती. कायदा डोंगर चढला नाही, हे यावरून स्पष्ट होते.

१९६९ मध्ये राजे भूमिबोल यांनी डोंगराळ भागासाठी राजप्रकल्प सुरू केला. १९७२ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने पीकबदलाचे प्रयोग होऊ लागले. कॉफी, राजमा, भाजीपाला, फुले आणि थंड हवेतील फळे लावून पाहिली गेली. पहिला धडा लवकरच मिळाला : नुसते रोप देऊन भागत नाही. कॉफीला पहिले फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालायचे? पीक आले तरी रस्ता नसेल तर ते कोठे विकायचे? म्हणून नंतरच्या प्रकल्पांत विक्रीव्यवस्था, रस्ते, पाणी, शाळा आणि दवाखाने यांचा समावेश झाला. उभे पीक सरकारी पथकांनी नष्ट करण्याचे काम १९८४ च्या सुमारास सुरू झाले. म्हणजे विकासकामे सुरू होऊन दहा-बारा वर्षे लोटल्यानंतर.

१९८८ मध्ये राजमाता श्रीनगरिंद्रा यांनी वयाच्या ८७ व्या वर्षी चिआंग राय प्रांतात दोई तुंग प्रकल्प सुरू केला. २९ गावे आणि सुमारे ११,००० लोक यांत आले. उघड्या पडलेल्या डोंगरावर वृक्षलागवड करण्याची रोजंदारी गावकऱ्यांनाच देण्यात आली. त्यामुळे कॉफी फळाला येईपर्यंतचा काळ निभावला. पुढे कॉफी भाजणे, मॅकेडेमिया फळांवर प्रक्रिया करणे, विणकाम आणि हातकागद असे उद्योग उभे राहिले. कच्चा माल विकण्यापेक्षा तयार माल विकण्यात अधिक पैसा गावात राहतो, हे तत्त्व तेथे कसोशीने पाळले गेले. आधी तग धरणे, मग स्वतःपुरते मिळवणे आणि शेवटी टिकाऊ प्रगती, असे तीन टप्पे त्यांनी आखले होते. पुढे थायलंडमधील अफूचे क्षेत्र काहीशे हेक्टरांच्या आत आले.

हे सर्व यश प्रकल्पांचेच होते असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच काळात देशाची अर्थव्यवस्था वाढली आणि शहरात रोजगार मिळू लागला. शिवाय अफू घटली तरी मेथॅम्फेटामाइनच्या गोळ्या आल्या. त्या शेतात पिकत नाहीत, कारखान्यात बनतात. त्यांच्यापुढे कॉफीचे रोप कामाचे नाही. त्या गोळ्यांविरुद्ध २००३ मध्ये त्याच देशात मोहीम काढली गेली, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतच २,००० हून अधिक माणसे मारली गेली. डोंगरावर दाखवलेला धीर शहरात राहिला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

४. क्रम उलटला तर काय होते?

अफगाणिस्तानात २००० साली तालिबानने अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार २००० मधील सुमारे ८२,००० हेक्टर क्षेत्र २००१ मध्ये ८,००० हेक्टरांपेक्षाही खाली आले. आकड्यांच्या दृष्टीने हा विक्रमच होता. पण शेतकऱ्यांनी पुढील पिकावर उचललेली कर्जे तशीच राहिली होती आणि दुसरे उत्पन्न दिलेले नव्हते. २००१ च्या अखेरीस ती राजवट गेली आणि २००२ मध्ये क्षेत्र पुन्हा ७४,००० हेक्टर झाले.

एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने पुन्हा बंदी घातली. २०२२ मधील २,३३,००० हेक्टर क्षेत्र २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आले. त्याच वर्षी शेतकऱ्यांचे अफूविक्रीचे उत्पन्न सुमारे १३६ कोटी डॉलर्सवरून ११ कोटी डॉलर्सवर घसरले. पहिला आकडा वाचून समाधान वाटते. दुसरा आकडा म्हणजे त्या घरांतील रिकामी चूल होय. दरम्यान अफूच्या उत्पादनात २०२३ मध्ये म्यानमार जगात पहिल्या क्रमांकावर गेला. तेथे २०२१ च्या लष्करी उठावानंतर अशांतता व दारिद्र्य वाढले होते. जेथे जगण्याचे दुसरे साधन नाही, तेथे अफू पुन्हा मूळ धरते.

या अनुभवांचे सार पुढे नियमांत आले. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पर्यायी विकासाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. पीक नष्ट करण्याची कारवाई करण्यापूर्वी उपजीविकेचा व्यवहार्य पर्याय उभा असावा आणि कामांचा क्रम योग्य राखावा, असा त्यांचा आशय आहे.

५. प्रकल्प अधिकाऱ्याचे प्रत्यक्ष काम

हा क्रम प्रत्यक्षात राखण्याचे काम ज्यांच्यावर येते, त्यांत प्रकल्प अधिकारी प्रमुख आहे. त्याच्या कामाचे टप्पे साधारणतः असे असतात.

अ) आरंभीची पाहणी : काम सुरू होण्यापूर्वी गावाची स्थिती नोंदवणे. किती घरांना किती महिने धान्य पुरते, कर्ज किती, आजारी व व्यसनी किती, पाणी किती दूर. ही नोंद नसेल तर पुढे सुधारणा झाली की नाही हे सांगताच येत नाही.

आ) आराखडा : उद्दिष्ट, त्यासाठीची कामे, लागणारा खर्च आणि यशाचे माप यांचा तक्ता तयार करणे.

इ) अंमलबजावणी : सरकारी खाती, स्थानिक संस्था आणि गावकरी यांचा मेळ घालणे. खरेदी नियमानुसार व वेळेवर करणे. पेरणी होऊन गेल्यावर आलेले बियाणे हिशेबात बरोबर असते, शेतात मात्र निरुपयोगी ठरते.

ई) देखरेख व अहवाल : ठरलेल्या मुदतीत देणगीदार राष्ट्रांना व सरकारला खरी परिस्थिती कळवणे.

उ) मूल्यमापन : शेवटी त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे.

यांत सर्वांत नाजूक गोष्ट यशाचे माप ठरवण्याची. समजा, एका प्रकल्पात ‘किती हेक्टर अफू कमी झाली’ हे एकच माप ठेवले, तर सारी यंत्रणा पीक उपटण्याकडे धावेल. त्याऐवजी ‘किती घरांना बारा महिने तांदूळ पुरला’ हे माप आधी ठेवले, तर तीच यंत्रणा रस्त्याकडे, पाण्याकडे आणि बाजाराकडे वळेल. तक्त्यातील एका ओळीने शेकडो कुटुंबांचे भवितव्य बदलते. देणगीदारांना लवकर दिसणारे आकडे हवे असतात आणि गावाला वेळ हवा असतो. या ओढाताणीत गावाची बाजू पुराव्यानिशी मांडणे, ही प्रकल्प अधिकाऱ्याच्या सचोटीची खरी परीक्षा होय.

६. आपल्या कामासाठी बोध

व्यसनप्रतिबंधालाही हाच न्याय लागू पडतो. याच कार्यालयाने २०१३ मध्ये व्यसनप्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती निघाली. केवळ भीती घालणारी व्याख्याने फारशी उपयोगी पडत नाहीत, तर पालकांना दिलेले प्रशिक्षण, मुलांची जीवनकौशल्ये आणि शाळेशी जडलेली आपुलकी यांचा उपयोग होतो, असे त्यांत दिसून येते. नुसते ‘नको’ म्हणणे पुरत नाही, ‘त्याऐवजी काय’ हे द्यावे लागते. पुण्यात १९८६ पासून चालू असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानून काम करीत आले आहे, हे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे.

७. विद्यार्थ्यांसाठी

या क्षेत्रात येण्यास कायद्याचीच पदवी लागते असे नाही. समाजकार्य, अर्थशास्त्र, कृषी, संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांपैकी कोणताही विषय चालतो. आंतरराष्ट्रीय पदांसाठी बहुधा पदव्युत्तर पदवी व काही वर्षांचा अनुभव मागतात. राष्ट्रीय अधिकाऱ्यांची पदे त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात, म्हणून दिल्लीतील अशा जागांकडे लक्ष ठेवावे. इंग्रजी चांगले हवे. फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, रशियन किंवा चिनी यांपैकी एखादी भाषा येत असल्यास लाभ होतो. संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही. जो पैसे मागेल तो फसवणारा आहे, हे पक्के समजावे.

आणि अनुभवासाठी परदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या वस्तीतील घरांची पाहणी करणे, एखाद्या वाचनालयाचा वर्षाचा हिशेब चोख ठेवणे, केलेल्या कामाचा दोन पानी खरा अहवाल लिहिणे, हेच या कामाचे पहिले शिक्षण आहे. ज्याने स्वतःच्या घरी धान्य संपल्याचे दिवस पाहिले आहेत, त्याला डोंगरावरच्या शेतकऱ्याचे म्हणणे लवकर समजते. ही समज कोणत्याही पदवीने मिळत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी ती उणीव न मानता पात्रता मानावी आणि तिला अभ्यासाची जोड द्यावी, एवढीच आमची अपेक्षा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. डोंगरावरच्या कुटुंबाच्या दृष्टीने अफूचे चार उपयोग कोणते? प्रत्येकाला पर्याय सुचवा.
२. थायलंड व अफगाणिस्तान येथील कामांच्या क्रमात कोणता फरक होता? त्याचे परिणाम लिहा.
३. आपल्या वस्तीत दारूबंदीचे काम करायचे झाल्यास आरंभीच्या पाहणीत कोणते प्रश्न विचाराल आणि यशाचे माप कोणते ठेवाल?