मावशी, लक्ष कुठे असतं तुझं?

मित्रमैत्रिणींनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण माझी मावशी आपल्या मासिकाची मराठी पानं आवर्जून वाचते.

मावशी मालाडला, ऑर्लेममध्ये राहते. रविवारी मेसचं जेवण चुकवायला मी तिच्याकडे जाते. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस. आहे. मागच्या वर्षी एका दुपारी तिने तिसऱ्यांदा विचारलं, "तुझी सबमिशन्स कधी गं?" मी वैतागून म्हटलं, "मावशी, लक्ष कुठे असतं तुझं?" ती शांतपणे म्हणाली, "लक्ष असतं गं. पण तू पुढच्या वाक्यावर जातेस, तेव्हा मी मागच्याच वाक्यावर असते."

मला फार लाज वाटली. मग मी वाचायला लागले.

मेंदूतल्या बऱ्याच तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या इन्सुलेशनसारखं. त्यामुळे संदेश झपाट्याने जातो. एम.एस.मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. संदेश रेंगाळतो, कधी अडकतो. चालताना तोल जातो, ते आपल्याला दिसतं. पण निम्म्याच्या आसपास पेशंट्सचा विचारांचा वेग आणि स्मरणशक्तीही कमी होते. ते दिसत नाही, म्हणून आपण त्याला आळस म्हणतो.

१९९४ साली अमेरिकेत जॉन डिलुका आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट दाखवली. एम.एस.च्या पेशंट्सना शब्दांची यादी पाठ व्हायला जास्त वेळा ऐकावी लागली. पण एकदा पाठ झाल्यावर त्यांना ती इतरांइतकीच आठवली. कॉम्प्युटरवाल्यांनो, म्हणजे गडबड मुख्यतः 'रीड'मध्ये नाही, 'राइट'मध्ये आहे! तेव्हा "आठव, आठव" म्हणून उपयोग नाही. माहिती आत जातानाच नीट जायला हवी.

कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशनमधली एक पद्धत हेच शिकवते. सुटे शब्द घ्यायचे, त्यांचं डोळ्यांपुढे चित्र उभं करायचं आणि एक गोष्ट गुंफायची. या पद्धतीची ८६ पेशंट्सवरची चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. पाच आठवड्यांत दहा सत्रं झाली आणि शिकलेल्यांची नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. यातून आजार बरा होत नाही, औषधं चालूच राहतात. पण रोजचा दिवस सोपा होतो.

मावशीला थेरपिस्टने हेच शिकवलं. जिरं, छत्री, लाइट बिल आणि किल्ली आणायची असेल तर ती म्हणते, "मालाड स्टेशनच्या पुलावर छत्री उघडली, तर आतून जिऱ्याचा पाऊस पडला. लाइट बिल डोक्यावर धरलं, तर त्याला किल्ली लटकलेली!" मला पण ती यादी अजून पाठ आहे.

बाकी नियम साधे आहेत. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच काम. सगळं एकाच डायरीत लिहायचं, चिठ्ठ्या नाहीत. औषधाला मोबाइलचा अलार्म. डोक्याचं काम सकाळी, कारण थकवा आणि उकाडा वाढला की एम.एस.चा त्रासही वाढतो, आणि मुंबईचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. माझ्यासाठी नियम एकच : एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं.

हा आजार म्हाताऱ्यांचा नाही. बहुतेकांना तो वीस ते चाळीस वयात गाठतो, म्हणजे आपल्याच वयापासून. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून अशा लोकांसाठी काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही एम.एस.चं नाव आहे. उद्या आपल्या वर्गात कुणी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली, तर चिडण्याआधी एकदा विचार करा.

परवा मावशीने सबमिशनची तारीख विचारली नाही. डायरी उघडून म्हणाली, "सोमवारी आहे ना? मग इथे काय करतेस? जा, फाइल पूर्ण कर!"