बाळंतिणीचे चाळीस दिवस आणि आपले उत्तरदायित्व

माझ्या सद्वर्तनास सर्वाधिक पात्र कोण, या प्रश्नाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीन वेळा माता असे उत्तर दिले आणि चौथ्या वेळी पित्याचे नाव घेतले. ही हदीस आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. परंतु एखादी स्त्री ज्या दिवशी माता होते, त्या दिवसापासून पुढील चाळीस दिवस आपल्या घरात तिच्याशी कसे वर्तन होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. येथे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद पडतो, दवाखाना दूर असतो आणि आषाढ-श्रावणात धानाची रोवणी थांबत नाही. अशा ठिकाणी बाळंतिणीच्या बाबतीत घराने केलेली हयगय माता आणि बालक या दोघांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयावर दिव्य कुरआन आणि हदीस यांचे मार्गदर्शन काय आहे, ते आपण क्रमाने पाहू.

प्रसूतिवेदना आणि दिव्य कुरआन

सूरह लुकमान (३१:१४) आणि सूरह अहकाफ (४६:१५) यांत माता-पित्याशी सद्वर्तनाचा आदेश देताना मातेच्या कष्टांचा स्वतंत्र उल्लेख आला आहे. तिने अशक्ततेवर अशक्तता सोसून गर्भ वाहिला, कष्टाने जन्म दिला आणि दूध पाजले, असा त्याचा आशय आहे. पित्याच्या कष्टांचे असे वर्णन तेथे नाही. यावरून अल्लाहच्या दृष्टीने या वेदनेचे मोल काय आहे, हे ध्यानात यावे.

सूरह मरयममधील प्रसंग तर प्रत्येक घराने मनन करण्याजोगा आहे (१९:२३-२६). ह. मरयम (अ.) यांना प्रसूतिवेदनांनी खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी आणले, तेव्हा त्यांच्या मुखातून आपण यापूर्वीच मरून विस्मृतीत गेलो असतो तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उद्गार निघाले. एवढ्या पुण्यशील स्त्रीच्या तोंडी हे शब्द आले आणि अल्लाहने त्यांबद्दल तिला दोष दिला नाही. उलट तिला सांगण्यात आले की, दुःख करू नकोस. तिच्या पायाशी पाण्याचा झरा दिला गेला, ताजे खजूर दिले गेले आणि खा, पी व डोळे निववून घे, असा आदेश झाला. त्याचबरोबर लोकांशी न बोलण्याचे व्रत घेण्यास सांगून, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याच्या ओझ्यातून तिला मुक्त करण्यात आले.

वाचकहो, येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: धीराचा शब्द, अन्नपाणी आणि लोकांच्या बोलण्यापासून संरक्षण. आपल्या घरातील बाळंतिणीला यांपैकी किती गोष्टी मिळतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मुलगी झाली म्हणून टोमणे, दूध कमी येते म्हणून टोमणे, शस्त्रक्रिया करून बाळंतपण झाले म्हणून टोमणे, हे प्रकार आपल्या वस्त्यांत अपरिचित नाहीत. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे, मन उदास होणे हे सामान्य आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा स्त्रीला ईमान दुर्बल असल्याचा दोष देण्यापूर्वी ह. मरयम (अ.) यांचे उद्गार आठवावेत.

निफास : सवलत, बहिष्कार नव्हे

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाला शरीअतमध्ये निफास म्हणतात. ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांच्या काळात बाळंतीण स्त्रिया चाळीस दिवस थांबत असत. हनफी फिकहनुसार ही कमाल मर्यादा चाळीस दिवसांची, तर कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत त्यानुसार साठ दिवसांची आहे. किमान मर्यादा नाही. स्राव आधीच थांबला तर स्नान करून नमाज सुरू करावी. या काळातील नमाज माफ आहे आणि ती पुढे भरून काढावी लागत नाही. रोजे मात्र नंतर पूर्ण करावे लागतात. गर्भवती आणि दूध पाजणाऱ्या मातेलाही, स्वतःला वा बालकाला अपाय होण्याची भीती असेल तर, रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे.

ही सवलत इबादतीपुरती आहे. तिचा अर्थ ती स्त्री अस्पृश्य झाली, असा होत नाही. हिजरी सन १० मध्ये अंतिम हजच्या प्रवासात ह. अस्मा बिन्ते उमैस (रजि.) जुल-हुलैफा येथे प्रसूत झाल्या. प्रेषितांनी (स.) त्यांना माघारी धाडले नाही. स्नान करून इहराम बांधावा, असा निरोप दिला आणि त्या काफिल्यात राहिल्या. मासिक पाळीच्या दिवसांतही प्रेषित (स.) ह. आयशा (रजि.) यांच्याच भांड्यातून पाणी पीत असत.

गडचिरोलीतील माडिया समाजात पाळीच्या दिवसांत स्त्रीने राहण्यासाठी गावाबाहेर वा गावाच्या कडेला कुर्मा घर असते. त्याविषयी आपण सहजपणे नाके मुरडतो. परंतु चिल्ल्याच्या नावाखाली आपल्याच सुनेला कोंदट खोलीत ठेवणे, तिचे ताट-वाटी वेगळे करणे, तिला पोटभर पाणी वा जेवण न देणे आणि आरोग्यसेविकेलाही दारात अडवणे, हे कोणत्या आयतीतून किंवा हदीसमधून आले? दुसऱ्याच्या रूढीकडे बोट दाखवण्यापूर्वी आपली रूढी तपासणे हे ईशभयाला अधिक शोभणारे आहे.

भार कोणावर?

सूरह बकराच्या २३३व्या आयतीत स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगून लगेच मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. बालकामुळे मातेला त्रास दिला जाऊ नये आणि पित्यालाही दिला जाऊ नये, असा दंडक तेथे आहे. पिता हयात नसेल तर ही जबाबदारी वारसावर येते. दूध तोडायचे झाल्यास ते दोघांच्या संमतीने आणि विचारविनिमयाने तोडावे. ही आयत तलाकविषयक आदेशांच्या ओघात आली आहे. विभक्त झालेल्या मातेचाही हा हक्क असेल, तर घरात नांदणाऱ्या पत्नीचा किती मोठा असेल!

प्रेषित (स.) नमाज लांबवण्याच्या विचाराने उभे राहत आणि मागे एखादे बालक रडताना ऐकू आले की, त्याच्या मातेला त्रास होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत. खलिफा ह. उमर (रजि.) यांनी आरंभी दूध सुटलेल्या बालकांनाच बैतुलमालमधून वेतन ठरवले होते. एका रात्री एक बालक वारंवार रडत असल्याचे त्यांनी ऐकले. वेतन मिळावे म्हणून त्याची माता मुदतीपूर्वीच दूध तोडत होती. ते ऐकून उमर (रजि.) रडले आणि जन्मलेल्या प्रत्येक बालकाला वेतन देण्याचा आदेश त्यांनी काढला. मातेला अडचणीत टाकणारा नियम दिसताच तो बदलणे, हा या घटनेचा धडा आहे.

गडचिरोलीच्या गावांचा धडा

अशा काळजीने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच प्रदेशात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातीलच थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास गुदमरल्यास मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध देणे ही कामे त्या करू लागल्या. तेथे जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत दर हजारी ६२ बालके दगावत होती. तो आकडा १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढे २०११ पासून केंद्र शासनाने हीच पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही येतात. या भेटी बहुतांशी आपल्या चिल्ल्याच्या दिवसांतच पडतात. म्हणजे ज्या दिवसांत दार उघडे असायला हवे, नेमक्या त्याच दिवसांत आपण ते लावून घेतो.

आपल्या घरी काय करावे

बाळ जन्मताच त्याला कोरडे पुसून आईच्या छातीशी द्यावे आणि कपड्यांत गुंडाळावे. अजान देण्यासाठी आधी अंघोळ घालण्याची अट शरीअतमध्ये नाही. तासाभराच्या आत पहिले पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, पाजावा. तो फेकून देऊ नये. सहा महिने आईच्या दुधाव्यतिरिक्त पाणीही लागत नाही. तहनीक ही खजुराचा मऊ केलेला अत्यल्प अंश टाळूला लावण्यापुरती आहे. बाळ अशक्त असेल तर तीही डॉक्टरांना विचारून करावी. घुट्टी, साखरपाणी किंवा मध पाजत राहणे हा तिचा भाग नाही. वर्षाच्या आतील बालकाला मध देणे धोक्याचे असते. बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर सातव्या दिवशीच पाहुण्यांची गर्दी जमवून जावळ काढण्याचा आग्रह धरू नये. अकीकासाठी चौदाव्या वा एकविसाव्या दिवसाचीही मोकळीक फकीहांनी दिली आहे.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला थंड किंवा तापलेले लागले, छाती आत ओढून भराभर श्वास घेऊ लागले, निपचित पडले, नाळेतून पू आला किंवा झटके आले, तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. मातेला अतिरक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा झटके असतील तर तिलाही तत्काळ दवाखान्यात न्यावे. शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, आहार आणि वाहन यांची निःशुल्क सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. दुर्गम गावांतील गर्भवतीला प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहता यावे, म्हणून काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघरेही आहेत.

बाळंतिणीला डाळ, भाजी, अंडी, भाकरी असे पोटभर जेवण द्यावे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवाव्यात. पतीने पाणी भरणे, कपडे धुणे, रात्री बाळाला सांभाळणे यांत कमीपणा मानू नये. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत असत.

शेवटी एक गंभीर गोष्ट. प्रसूतीत मृत्यू पावणाऱ्या श्रद्धावंत स्त्रीची गणना हदीसमध्ये शहिदांत झाली आहे. ही त्या स्त्रीसाठी शुभवार्ता आहे. वेळेवर वाहन न बोलावणाऱ्या, दवाखान्याचा खर्च टाळणाऱ्या किंवा दार लावून बसणाऱ्या घरासाठी ते क्षमापत्र नाही. त्या घराला अल्लाहपुढे जाब द्यावाच लागेल. प्रत्येक जण आपल्या आश्रितांचा रखवालदार आहे आणि प्रत्येकाला त्यांच्याविषयी विचारले जाईल, ही प्रेषितांची शिकवण बाळंतिणीच्या खोलीच्या उंबरठ्याशी येऊन थांबत नाही.

अल्लाह आपल्या घरांतील मातांना सुखरूप ठेवो, त्यांच्या बालकांना निरोगी आयुष्य देवो आणि त्यांचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.